इंटरव्ह्यू हॉलमध्ये, नोकरी सातासमुद्रापार!

अमेरिकेत रेसिडेन्सी मिळवायची तर पूर्वी बॅग भरून गावोगाव हिंडावं लागायचं. आता लॅपटॉप पुरतो. पण काम खरंच सोपं झालंय का?

रात्रीचे साडेदहा. शेजारच्यांचा टीव्ही बंद झालाय आणि इकडे डॉक्टरीणबाई ब्लेझर घालून लॅपटॉपसमोर बसल्यात. (खाली घरातली सलवार आहे, पण ती कुणाला दिसतेय!) बाबांनी डोअरबेल बंद केलीय, आईने सगळ्यांना दम दिलाय. कारण कॅलिफोर्नियात आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. यूएस क्लायंटचे कॉल घेणाऱ्यांना यात काय नवल! फरक एवढाच, की या कॉलवर पुढची तीन ते पाच वर्षं ठरू शकतात.

आपल्याकडे एमबीबीएस झालेल्यांसाठी अमेरिकेत जायचा नेहमीचा रस्ता म्हणजे रेसिडेन्सी. आधी यूएसएमएलई परीक्षा, मग अर्ज, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी इंटरव्ह्यू आणि मार्चमध्ये निकाल, म्हणजेच 'मॅच'. 2020 पर्यंत या इंटरव्ह्यूंसाठी व्हिसा काढा, विमानाचं तिकीट काढा, ऐन थंडीत एका शहरातून दुसऱ्या शहरात पळा, असा सगळा मामला होता. त्यात परीक्षेचा एक भाग, स्टेप टू सीएस, अमेरिकेतल्या पाचच शहरांत व्हायचा. कोविड आला, इंटरव्ह्यू स्क्रीनवर गेले आणि 2021 मध्ये तो सीएसही कायमचा बंद झाला. मध्यमवर्गीय घरातल्या मुलांचे लाखभर रुपये सहज वाचले. कोविड सरला तरी बऱ्याच प्रोग्रॅम्सनी स्क्रीन सोडलेली नाही.

पण बॉस, तिकिटाचा खर्च गेला तसा हात आखडता घेण्याचं कारणही गेलं. ज्यांना भरपूर बोलावणी येतात ते सगळीच स्वीकारतात. जागा तेवढ्याच, त्यामुळे मागच्यांना बोलावणं मिळणं अवघड. म्हणून आता बऱ्याच शाखांमध्ये अर्जासोबत ठरावीक 'सिग्नल' देता येतात. 'मला खरंच तुमच्याकडेच यायचंय' हे सांगायची ती सोय.

आणि खरी गोम पुढेच आहे. उमेदवार आपली पसंतीची यादी देतात, हॉस्पिटलं त्यांची देतात आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. लागलेली जोडी बंधनकारक! लग्न ठरवताना निदान एकदा कांदेपोहे तरी होतात. इथे ज्या गावात तीन वर्षं काढायची त्याचा रस्ताही पाहिलेला नसतो. स्क्रीनवर दिसतो तो चकचकीत व्हिडिओ आणि हसरे चेहरे. रात्रपाळी संपवून आलेला रेसिडेंट लिफ्टमध्ये कसा दिसतो, ते काही दिसत नाही. मग ते विचारूनच घ्यावं लागतं.

लॉगइन करण्याआधी

- नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आधी आपले संध्याकाळचे साडेसहा, नंतर साडेसात. कॅलेंडर पुन्हा तपासा.
- नेट गेलं तर? मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.
- रेसिडेंट्सबरोबरच्या ऑनलाइन गप्पा चुकवू नका. रात्रपाळ्या किती, कोणता व्हिसा मिळतो, गाडीशिवाय भागतं का, पगारात घरभाडं निघतं का, बिनधास्त विचारा.
- यादीत 'जिथे नंबर लागेल' ते वर नको, मनापासून हवं ते वर ठेवा. कॉम्प्युटर तुमच्या पसंतीपासूनच सुरुवात करतो.