आडव्या टाक्यांमागचा फुगवटा

सिझेरियननंतर पोट जागेवर बसलं नाही की घरात उत्तर तयारच असतं : बाळंतपणात पोट सुटतंच. बहुतेकदा ते खरंही असतं. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात आणि हळूहळू जवळ येतात. पण याच उत्तराआड कधीकधी हर्निया दडून राहतो. सिझेरियनमध्ये बाहेर दिसणारे टाके त्वचेचे असतात. पोटाचा भार पेलतो तो चरबीखालचा पांढरा, चिवट पडदा. स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. हा पडदा मात्र कापून पुन्हा शिवावाच लागतो. ती शिवण कुठे उसवली की आतली चरबी किंवा आतडं त्या फटीतून पुढे येतं. वरची जखम छान भरलेली असते, म्हणून संशय येत नाही.

डेन्मार्कमधल्या नोंदींवर आधारित, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिझेरियननंतर दहा वर्षांत हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागलेल्या स्त्रिया हजारी साधारण 2 होत्या. उभ्या छेदात धोका आडव्यापेक्षा जवळपास तिप्पट. इतक्या दुर्मीळ गोष्टीची चर्चा कशाला, असं कुणी म्हणेल. पण हा आकडा फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांचा आहे. दुखणं अंगावर काढणाऱ्या त्यात मोजलेल्याच नाहीत. शिवाय 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात 21.5 टक्के, तर महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं होतात. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. डेन्मार्कचंच प्रमाण धरलं तरी एका वर्षातल्या सिझेरियनमागे आठ हजारांवर स्त्रिया होतात. सिझेरियनला घाबरावं असा याचा अर्थ मुळीच नाही, गरज असते तिथे ते जीव वाचवतं. आणि ‘लवकर हंडा उचललास म्हणून झालं’ हा ठपका तर बाईवर अन्यायच करतो. जखमेत झालेला जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, मधुमेह, जुनाट खोकला ही कारणं कितीतरी ठळक आहेत.

ओळखायचं कसं? उताणं झोपून डोकं उचललं की बेंबीच्या वर-खाली मधोमध लांबट उंचवटा येतो, तो फाकलेल्या स्नायूंचा. हर्नियाचा फुगवटा एका जागी, व्रणाजवळ असतो. खोकताना पुढे येतो, आडवं झाल्यावर बहुधा आत जातो. म्हणून तपासणी झोपवून उरकू नये, उभं करून खोकायला सांगावं. शंका राहिली तर सोनोग्राफी आहेच. त्रास नसेल आणि पुढचं मूल हवं असेल, तर शस्त्रक्रिया बरेचदा पुढे ढकलतात. फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र सकाळपर्यंतही थांबू नये : आतडं अडकलेलं असू शकतं.