यंत्राच्या पडद्यावरचा आकडा



जामसांवलीच्या परिसरात उन्हाळा लागला की संत्र्याचे खड्डे, वाळलेली जुनी झाडे उपटणे, बांध, शेततळे ही सारी कामे एकदम निघतात आणि जो तो जेसीबीवाल्याच्या मागे लागतो. (जेसीबी ही मूळची एका इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे व पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव; आपल्याकडे ती यंत्रांचीच नावे होऊन बसली.) भाडे तासावर असते आणि मृग कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी यंत्र मध्येच बंद पडले, म्हणजे शेतकरी व यंत्रमालक दोघेही रडकुंडीस येतात.

आमच्या पाहण्यातली एक हकिकत सांगतो. मे महिना होता. एका बागायतदाराचे शेततळे निम्मे खणून झाले आणि यंत्राची घंटी वाजू लागली, दिवा लागला, इंजिनाचा जोर उतरला. पडद्यावर तीन निरनिराळ्या सेन्सरांचे आकडे एकामागून एक आले. मालकाने फोटो काढून लांबच्या एका मिस्त्रीला पाठवला. 'सेन्सर गेला, नवा टाका,' असे उत्तर आले. नागपूरहून सेन्सर आणला, बसवला. आकडे जिथल्या तिथे. दुसरा आणला, तरी तेच. यात आठ दिवस गेले. अखेर सौंसरकडचा एक वायरमन आला. त्याने पडद्याकडे फारसे पाहिलेच नाही. इंजिनापासून सांगाड्यास जाणारी अर्थची पट्टी त्याने हाताने हलवून पाहिली. बोल्टाखाली गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून पट्टी आवळली आणि तिन्ही आकडे गेले.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. चाकांवर चालणाऱ्या बांधकामाच्या यंत्रांना धुराचे नवे कडक नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तेव्हापासून या यंत्रांत इंजिनावर देखरेख करणारा संगणक व अनेक सेन्सर सर्रास आले. संगणक काही डोळ्यांनी पाहत नाही. प्रत्येक सेन्सरच्या तारेवर किती व्होल्ट आले, एवढेच त्याला कळते. ते प्रमाणाबाहेर गेले की तो आकडा दाखवतो. म्हणून आकडा बिघडलेल्या वस्तूचे नाव सांगत नाही. कोणत्या वाटेवर शोधायचे, तेवढे सांगतो. त्या वाटेवर सेन्सर आहे, तशीच तार आहे, कनेक्टर आहे, अर्थ आहे. अनेक सेन्सरांचे आकडे एकदम आले, तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असे मानू नये. त्यांना मिळून पुरवला जाणारा ५ व्होल्टचा प्रवाह किंवा सामाईक अर्थ आधी तपासावा.

पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांत आकड्याचे दोन भाग असतात. पहिला भाग विषय सांगतो: १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिनातील पाण्याचे तापमान. दुसरा भाग बिघाडाची जात सांगतो: ३ म्हणजे व्होल्ट फार जास्त, ४ म्हणजे फार कमी, ५ म्हणजे तार तुटल्यासारखी. हे बहुधा वायरिंगचे दुखणे. परंतु ० किंवा १ आला, तर सेन्सर ठीक असून इंजिनच संकटात आहे असे समजावे. १०० व १ अशी जोडी दिसली की इंजिन तत्काळ बंद करावे. 'एवढा खड्डा उरकून घेऊ' म्हणणाऱ्याचे इंजिन जाम होते व दुरुस्तीत वर्षाची कमाई जाते. उलट १०० व ४ आले, तर बहुधा तार किंवा सेन्सर. तरी दाब कळेनासा झाला आहे, म्हणून ऑइलची कांडी पाहिल्यावाचून यंत्र चालवू नये. काही कंपन्या आपले निराळे आकडे वापरतात, तेथे यंत्राची पुस्तिका पाहावी. ती पुस्तिका बहुतेक घरी कपाटात असते. ती यंत्रात असावी.

शोधण्याची सुरुवात बॅटरीपासून करावी. १२ व्होल्टच्या यंत्रात विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता १४ च्या आसपास हवे. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली उतरत असेल, तर संगणक भांबावून खोटे आकडेही दाखवतो. मोठ्या पोकलेनला २४ व्होल्ट असतात, तेथे हे दुप्पट धरावे. मग टर्मिनलवरचा कीट, फ्यूज, अर्थच्या पट्ट्या, शेवटी कनेक्टर. प्रेशरने धुतलेल्या यंत्राच्या कनेक्टरात पाणी शिरते, आणि गोठ्याजवळ उभ्या यंत्राच्या तारा उंदीर कुरतडतात.

पाण्याच्या सेन्सरची एक सोपी पारख आहे. ११० व ४ आले की किल्ली बंद करून सेन्सरचा प्लग काढावा व किल्ली पुन्हा लावून पाहावी; इंजिन सुरू करू नये. चारचे तीन झाले, तर तार शाबूत आहे, सेन्सर बदला. चारच राहिले, तर तार कुठेतरी घासून सांगाड्याला टेकली आहे; नव्या सेन्सरचे पैसे वाचले.

बॅटरीला हात लावण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, ब्रेक लावावा, बोटातील अंगठी व हातातील कडे काढावे. धातूचे कडे दोन टर्मिनलांमध्ये सापडले, तर लाल होऊन मांस जाळते. भरत असलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेथे बिडी नको. तेजाब डोळ्यांत उडाले, तर डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा व तडक दवाखाना गाठावा. तूप, दूध काही घालू नये. बकेटला वेल्डिंग करायचे, तर आधी बॅटरी सोडवावी, नाहीतर संगणक जळण्याची भीती असते. आणि बॅटरी सोडवण्याआधी, आकडा पुसण्याआधी, तो कागदावर लिहून ठेवावा. सोबत वेळ, मीटरवरचे तास व यंत्र तेव्हा काय करीत होते तेही लिहावे. ती चिठ्ठी मिस्त्रीच्या हाती द्यावी.