मोटेला तेल पाजू नका!

मेकॅनिकलच्या पोराने कातड्यावर कशाला लिहावं, असं कुणी म्हणेल. पण कातडं हेसुद्धा इंजिनिअरिंग मटेरियलच आहे की! डिझेल इंजिन आणि विजेचे पंप येईपर्यंत आपल्याकडची विहिरीवरची शेती त्याच्याच जोरावर चालायची. बैल धावेवरून उतरले की नाड्याला बांधलेली मोट वर यायची आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. आमच्या गावच्या घरी अशी एक मोट माळ्यावर, पत्र्याखाली, कित्येक वर्षं पडून होती. मागच्या उन्हाळ्यात खाली काढली तर पापडासारखी कडक, तोंडाजवळ दोन वीत चीर, आणि हात लावला की बोटांना तांबूस भुकटी.

काकांचं म्हणणं सरळ होतं. रात्रभर पाण्यात भिजवा, भरपूर करंजेल पाजा, मऊ होईल. मग एकदा विहिरीत सोडून आजोबांना दाखवू. आजोबा नव्वदीला टेकलेत आणि त्यांनी ही मोट स्वतः हाकलेली आहे, त्यामुळे नाही म्हणणं अवघड होतं.

आता कातड्याच्या आत काय असतं ते बघू. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, अगदी नाड्याच्या पेडांसारख्या. कच्चं कातडं ओलं राहिलं की सडतं आणि वाळलं की लाकूड होतं. बाभळीची साल, हिरडा यांतलं टॅनिन या साखळ्यांना धरून ठेवतं, म्हणून ते सडत नाही आणि लवचीक राहतं. यालाच आपण कातडं कमावणं म्हणतो. (ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेलं हे काम म्हणजे चक्क केमिकल इंजिनिअरिंग आहे, पण तसं कुणी म्हणत नाही.)

गोची अशी की बाभळीचं टॅनिन 'कंडेन्स्ड' जातीचं. असं कातडं हवेतला सल्फर डायॉक्साइड शोषतं, आत सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि ते कोलॅजनच्या साखळ्या तोडत सुटतं. लंडनच्या अथेनियम क्लबमधल्या पुस्तकांच्या चामडी बांधण्या खराब होऊ लागल्या, तेव्हा १८४३ मध्ये मायकेल फॅरेडेने त्याचा दोष तिथल्या गॅसच्या दिव्यांना दिला होता. आमच्याकडे गॅसचे दिवे नव्हते, पण चुलीचा धूर आणि पत्र्याची उष्णता होतीच. तांबूस भुकटी ही त्याचीच खूण. इंग्रजीत याला 'रेड रॉट' म्हणतात.

म्हणजे तेलाने काय होणार? तेल हे वंगण आहे. तंतू शाबूत असतील तर ते एकमेकांवरून घसरतात आणि कातडं मऊ होतं. तंतूच तुटले असतील तर वंगण कशाला देणार? तुटलेल्या चेनला ग्रीस लावण्यासारखंच ते! वर तेल चिकट होऊन धूळ धरतं ते वेगळंच.

तंतू कितपत शाबूत आहेत हे मोजता येतं. सायन्स कॉलेजातल्या मित्राकडून मायक्रोस्कोप मिळवला, भुकटीतले चार तंतू काचपट्टीवर पाण्यात ठेवले आणि हळूहळू तापवले. सालीने नीट कमावलेल्या कातड्याचे तंतू साधारण ७० ते ८५ अंशांना आक्रसतात. आमचे ४५ च्या आतच आक्रसले! इतक्या खराब कातड्याला पाणी लागलं तर ते काळं पडून कायमचं कडक होतं. भिजवणं तिथेच बाद झालं.

मग चीर शिवून घ्यावी म्हटलं, तर गावच्या चर्मकार मामांनी बोटाने दाबून बघितलं आणि आरी पिशवीत टाकली. "शिवलं तर फाटंल, दादा. दोऱ्याला धरायला कातडं तरी पायजे ना!" स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन यापेक्षा सोपं करून आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. पोस्टाची तिकिटं भोकांच्या ओळीवरच फाटतात ना?

शेवटी संग्रहालयवाले करतात तसं केलं. मऊ ब्रशने धूळ काढली. प्लास्टिकचा तंबू करून आत ओले टीपकागद ठेवले, पण मोटेला न टेकवता. चार दिवसांत नुसत्या दमटपणाने ती थोडी सैल झाली. आजोबा शेजारी बसून सोंड कुठे कशी दुमडायची ते सांगत होते, त्याप्रमाणे आत मऊ कापड भरून आकार दिला. सावकाश सुकल्यावर हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ टक्के विरघळवून ब्रशने लावलं. आधी अर्थात एका लपलेल्या कोपऱ्यावर. (हे द्रावण बिनपाण्याचं, म्हणून चालतं. अल्कोहोल उडून जातं आणि भुकटी जागच्या जागी धरली जाते. खिडक्या मात्र उघड्या ठेवा, आणि चूल लांब!) चिरेला आतून पातळ जपानी कागदाचं ठिगळ दिलं. नव्या चामड्याचं ठिगळ मुद्दाम टाळलं, कारण ते जुन्यापेक्षा ताकदीचं, ओढ घेतं आणि शेजारी नवी चीर पाडतं.

यातून तुटलेला कोलॅजन जुळलेला नाही. पुढची झीज मंदावली, एवढंच. मोट विहिरीत सोडली नाही. आता ती मधल्या खोलीत, उन्हापासून लांब, कापडाच्या गादीवर आडवी ठेवली आहे. टांगली तर स्वतःच्याच वजनाने फाटेल. दर दोन महिन्यांनी खाली पांढरं फडकं पसरून लाली पडते का बघतो. दिवाळीत पडली नव्हती. काका मात्र अजून म्हणतात, "थोडं तेल लावून बघायला काय हरकत होती?"