इंग्रजीतील लहान शब्द आणि कामगाराचा हक्क



इंग्रजी भाषेविषयी अशा व्यासपीठावरून प्राध्यापकांनी बोलावे, अशी रीत आहे. आम्ही प्राध्यापक नव्हे. आमचे इंग्रजी झाले ते कारखान्याच्या फाटकाजवळच्या नोटीसबोर्डावर, करारांच्या मसुद्यांवर आणि कामगार न्यायालयांच्या निकालपत्रांवर. तेव्हा शेक्सपिअरच्या वाटेस आम्ही जाणार नाही. 'इन', 'ऑन', 'बाय', 'फ्रॉम', 'आउट ऑफ' असे जे बारीकसे शब्द इंग्रजीत पावलोपावली भेटतात, त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. मोठा शब्द अडला तर माणूस कोश उघडतो. हे लहान शब्द कळल्यासारखे वाटतात, म्हणून त्यांच्यासाठी कोणी कोश उघडत नाही. आणि पुष्कळदा पगाराचे, रजेचे, भरपाईचे पैसे तेथेच अडकून बसतात.

इंग्रजी व्याकरणात या शब्दांना प्रिपोझिशन म्हणतात. ते नामाच्या आधी बसतात. मराठीत हेच काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात व ती नामाच्या मागून येतात. आपण 'टेबलावर' म्हणतो, इंग्रज 'ऑन द टेबल' म्हणतो. एवढे सांगून शाळेत तक्ता पाठ करून घेतात: 'ऑन' म्हणजे वर, 'इन' म्हणजे आत, 'बाय' म्हणजे ने. हा तक्ता परीक्षेपुरता चालतो. 'ऑन लीव्ह' म्हणजे रजेवर, येथे तो जुळतो. पण 'ऑन मंडे' म्हणजे सोमवारी, 'ऑन फूट' म्हणजे पायी, 'ऑन पर्पज' म्हणजे मुद्दाम आणि 'ऑन फायर' म्हणजे पेटलेला. एकाच 'ऑन'ची ही चार रूपे. त्यांत 'वर' कोठेच नाही.

यावरून इंग्रजी भाषा लहरी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण आपली मायबोली तरी काय करते? आपण 'सकाळी' म्हणतो, 'रात्री' म्हणतो, मग 'दिवसा' का म्हणतो? 'घरी आहे' आणि 'घरात आहे' यांतला भेद आपल्या पोरालाही कळतो, पण नियम विचारला तर थोरालाही सांगता येत नाही. 'कामावर गेला', 'कामाला लागला', 'कामात आहे' आणि 'कामी आला' ही चारही वाक्ये एका 'काम' शब्दाची. पण शेवटच्यात माणूस रणात पडलेला असतो! हे आपण तक्त्यावरून शिकलो नाही. आईच्या तोंडून अख्खे शब्द ऐकले आणि अख्खेच उचलले. इंग्रजीतील हे लहान शब्दही असेच अख्ख्या जोडणीनिशी शिकावे लागतात. 'ॲट होम' म्हणजे घरी, 'इन द हाऊस' म्हणजे घरात, असे जोडीने लक्षात ठेवले की अर्धी अडचण सरते.

पहिली जोडणी अगदी साधी: एक लहान शब्द आणि एक नाम. कामगाराची स्थिती सांगणारे बहुतेक शब्द या साच्यातले आहेत. कामावर असेल तर 'ऑन ड्यूटी', संपावर असेल तर 'ऑन स्ट्राइक', निलंबित असेल तर 'अंडर सस्पेन्शन', बेकार असेल तर 'आउट ऑफ वर्क'. हुकमाखाली किंवा देखरेखीखाली असलेल्या माणसाला बहुधा 'अंडर' लागतो. याच 'अंडर'चा कामगाराच्या बाजूने उपयोग म्हणजे 'अंडर प्रोटेस्ट'. हिशेबाची रक्कम कमी वाटत असेल तर सही करताना हे दोन शब्द लिहावेत. पैसे घेतले, पण हिशेब मान्य केला नाही, एवढे त्यांतून नोंदले जाते.

या साच्यात नामाआधी 'द' आला की अर्थ कसा फिरतो तेही पाहा. 'इन हॉस्पिटल' असलेला माणूस रोगी असतो. 'इन द हॉस्पिटल' असलेला कदाचित भेटीस आलेला असेल. विलायती इंग्रजीत हा भेद पाळतात.

दुसरी जोडणी काळाची. घड्याळाच्या वेळेला 'ॲट', वाराला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन', हा क्रम सोपा आहे. अडचण आहे ती आपल्या 'पर्यंत'ची. 'शुक्रवारपर्यंत उत्तर द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' या दोन्ही ठिकाणी आपण 'पर्यंत'च म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतो, कारण काम त्या मुदतीच्या आत एकदाच व्हायचे असते. दुसऱ्याला 'टिल' लागतो, कारण स्थिती त्या दिवसापर्यंत चालू राहते. आमच्या माहितीतील एका कामगाराने रजेच्या अर्जात 'टिल'च्या जागी 'बाय फ्रायडे' लिहिले. त्याला म्हणायचे होते, शुक्रवारपर्यंत रजा हवी. कचेरीने अर्थ घेतला, फार तर शुक्रवारपासून रजेवर जाणार. सोमवार ते गुरुवार त्याची गैरहजेरी लागली आणि चार दिवसांचा पगार कापला गेला. तो परत मिळवायला युनियनला दोन महिने खेटे घालावे लागले.

'विदिन' या शब्दाची गंमत आणखी निराळी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक उपयोगाच्या सेवांतील संपाविषयी 'विदिन फोर्टीन डेज ऑफ गिव्हिंग सच नोटीस' असे शब्द होते. नवखा वाचक समजतो, नोटीस दिल्यावर चौदा दिवसांच्या आत संप करायचा. पण कलमाची सुरुवात मनाईने होते. म्हणजे त्या चौदा दिवसांत संप करायचा नाही, ते जाऊ द्यायचे. लहान शब्द कोणत्या क्रियापदाच्या दावणीला बांधला आहे हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, हा यातला धडा.

तिसरी जोडणी करारांची आणि कायद्यांची: नामाच्या दोन्ही अंगांना लहान शब्द. 'इन लिउ ऑफ' म्हणजे ऐवजी, 'इन ॲडिशन टू' म्हणजे शिवाय, 'ऑन बिहाफ ऑफ' म्हणजे तर्फे, 'विदाउट प्रेज्युडिस टू' म्हणजे हक्काला बाध न येऊ देता. 'वेजेस इन लिउ ऑफ नोटीस' यात नोटीस नाही, तिच्याऐवजी पगार आहे. वेतनकरारात 'विथ इफेक्ट फ्रॉम' याच्यापुढे कोणती तारीख आहे ते आधी पाहावे. ३० जूनला सही झालेला करार १ जानेवारीपासून लागू असेल तर सहा महिन्यांचा फरक हातात पडतो. त्या जागी सहीची तारीख असेल तर फरक शून्य.

आता या साऱ्यांत ज्याने सर्वांत अधिक कुटुंबांचे भवितव्य ठरवले तो शब्दसमूह पाहू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात अपघाताची भरपाई केव्हा मिळेल? तर अपघात 'अरायझिंग आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ' नोकरी असेल तेव्हा. हे शब्द १८९७ च्या ब्रिटिश कायद्यातून आले. 'आउट ऑफ' हा कारण विचारतो: अपघात नोकरीमुळे उद्भवला काय? 'इन द कोर्स ऑफ' हा वेळ आणि स्थळ विचारतो: तो नोकरीच्या ओघात घडला काय? मधल्या 'अँड'मुळे दोन्ही उत्तरे होकारार्थी लागतात.

पण नोकरीचा ओघ सुरू कोठे होतो आणि संपतो कोठे? पोरबंदरजवळच्या मिठागराचे कामगार १९५२ साली काम आटोपून घरी निघाले असता खाडीत होडी उलटून बुडाले. ती होडी सर्वांसाठीची होती, तेथे ते इतर उतारूंसारखेच होते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये भरपाई नाकारली. पुढे मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी चालला होता. अपघात झाला आणि तो दगावला. गणवेशातील चालकांना बसने मोफत जाण्याची सवलत नोकरीच्या नियमांतच होती व सेवा नीट चालावी म्हणून ती दिलेली होती. त्यामुळे १९६३ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरवले की तो प्रवास नोकरीच्या ओघातच होता. दोघेही घरी चालले होते, शब्दही तेच होते. एका कुटुंबाला भरपाई मिळाली, दुसरी रिकाम्या हाताने परतली.

अलीकडचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातले. तेथील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि वाटेत अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाचा हक्क उच्च न्यायालयात बुडाला. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर कामावर जाता-येतानाचा अपघातही या शब्दांत बसतो, असा तो निकाल आहे. 'आउट ऑफ' आणि 'इन द कोर्स ऑफ' यांच्या अर्थासाठी त्या घराला बावीस वर्षे थांबावे लागले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच शब्द कायम आहेत. म्हणून ते कामगाराला पाठ हवेत.

यावर कोणी म्हणेल, सारे कागद मराठीतच द्यावेत. अवश्य द्यावेत. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावेत, असे १९४६ च्या कायद्याने सांगितलेच होते. ती मागणी आम्ही सोडणार नाही. पण जोवर मूळ कागद इंग्रजीत आहे तोवर वाद त्याच्याच शब्दांवर होणार.

तेव्हा तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच. एक वही करा. डाव्या बाजूला इंग्रजी जोडणी पुरती लिहा, एकटा 'इन' किंवा 'ऑन' लिहू नका. उजव्या बाजूला तिचा मराठी अर्थ आणि आपल्या कारखान्यातले एक वाक्य लिहा. रोज एक याप्रमाणे वर्षात साडेतीनशेच्या वर जोडण्या होतील. नंतर करार हाती आला की सहीची जागा शोधण्यापूर्वी हे लहान शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. मोठ्या शब्दांकडे वकील पाहतीलच; लहानांवर आपली नजर असू द्या.