उलट्या बाजूने

एका संग्रहालयात पंजाबी फुलकारी भरतकामाचा जुना बाग पाहिला आणि त्याच्यापुढून हलवेना. सबंध ओढणी भरलेली, खालचं खद्दर जवळपास दिसतच नव्हतं. सोनेरी चौकटींतली एक उजळ, शेजारची मंद. किती रंग वापरले असतील, याचा अंदाज बांधत राहिले.

"एकच," ज्यांच्याकडे मी पुढे भरायला शिकायला गेले त्या पतियाळ्याच्या त्रिपडी भागातल्या बीजी म्हणाल्या. "टाका आडवा घातला की उजेड निराळा, उभा घातला की निराळा." बाग भरतात तो पटाने; पट म्हणजे पीळ न दिलेलं रेशीम. पीळ नसल्यामुळे ते कापडावर पसरून बसतं आणि टाक्याची दिशा बदलली की चमकही बदलते.

शिकायला बसले तेव्हा बीजींनी खद्दर हातात दिलं ते पालथं. भरायचं मागून, नक्षी उमटणार पुढून. इरकलीवरची कसुती धागे मोजून भरतात हे माहीत होतं, त्यामुळे मोजण्याची धास्ती नव्हती. धास्ती होती न बघता भरण्याची. सुईवरून पाच धागे जाऊ द्यायचे, सहावा टाक्याखाली पकडायचा, पुन्हा पाच. "पंज," बीजी पुटपुटत, "गिण, पुत्तर." वर दिसतात ते नुसते ठिपके, मुंग्यांची रांग चालावी तसे. खाली काय घडतंय ते बोटांनी चाचपायचं. बीजी तेही करत नसत. शेजारणीशी भाजीच्या भावावरून हुज्जत घालताना त्यांचे पाच कधी चुकले नाहीत, आणि ओळ संपेपर्यंत त्यांनी कापड उलटून पाहिलं नाही. मला राहवत नसे.

त्यांची आई फाळणीत बहावलपूरहून आली. चोप ही लग्नाची ओढणी नानीने नातीसाठी भरायची, ही रीत बीजींनी आईकडून ऐकली. चोपचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. बाग मात्र मागून असा कंजूष, कारण महागडं रेशीम जवळपास सगळं पुढेच वापरायचं. या हिशेबीपणाचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी व्यापाऱ्याच्या मालावर नक्षी छापली जाई, तेव्हा घासलेटचा वास येई. भोकं पाडलेला ट्रेसिंगचा कागद जॉर्जेटच्या ओढणीवर अंथरायचा आणि घासलेटमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवायचा, की झाला छापा. जॉर्जेटचे धागे मोजणार कोण? मग मुली निळ्या रेघांच्या आत भराभरा भरत जातात. तो वास नंतरही माझ्या कपड्यांना चिकटून राहिला आणि दर वेळी माझा पारा चढला.

तशी रेघ आखणं काही नवं नाही. भठिंड्याकडच्या सैंची फुलकारीत आगगाडी, पैलवान, जात्यावरची बाई आधी आखूनच भरत. पण ती रेघ भरणारीच्या गावातली, तिच्या डोळ्यांदेखतची होती. ही व्यापाऱ्याच्या कागदातून येते, शंभर ओढण्यांवर तीच. फुलकारीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2021 साली त्रिपडीच्याच लाजवंती यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजींना दोन्ही गोष्टींचा अभिमान. त्यांच्या दारात माल येतो तो मात्र जॉर्जेटचाच.

"बाग भरायला वर्ष लागतं," त्या म्हणाल्या. "वर्षभर पैशांसाठी कोण थांबेल? मी नाही थांबणार." छाप्याला मी नावं ठेवली तेव्हा त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं. पोरांच्या शाळेची फी ती याच ओढण्यांतून भरते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मत बदललं नाही. पाच मोजणारी बोटं घासलेटच्या रेघेवर खर्ची पडताना बघवत नाही, एवढंच.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. माल गुरुवारी हवा होता आणि दोन बाया गावाला गेलेल्या. बीजींनी माझ्या मांडीवरचं खद्दर उचलून बाजूला ठेवलं आणि गुलाबी जॉर्जेट पुढे सरकवलं.

"पंज राहू दे आता. रेघेच्या आत भरायला तर येईल ना?"