लीट्रिमचा हॉल आणि जिमी ग्रॅल्टन

आयर्लंडचं स्वातंत्र्य म्हटलं की आपण डब्लिन, १९१६ आणि पोस्ट ऑफिसवर थांबतो. मला मात्र लीट्रिम परगण्यातलं एफ्रिना हे खेडं जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतून गावी परतलेल्या जिमी ग्रॅल्टनने १९२१ मध्ये वडिलांच्या जमिनीवर, गावकऱ्यांच्या श्रमदानातून एक हॉल उभा केला. नाव दिलं १९१६ च्या उठावानंतर फाशी न देता गोळ्या घातलेल्या दोन नेत्यांचं: पिअर्स-कॉनोली हॉल. तिथे वर्ग भरायचे, नाच व्हायचे, जमिनीचे तंटेही तिथेच सुटायचे. कुळांना परत जमिनीवर बसवणारी माणसं इथूनच निघायची, आणि हे जमीनदारांना अन् पाद्र्यांना कसं रुचणार?

दरम्यान अमेरिकेला परत गेलेला ग्रॅल्टन १९३२ मध्ये पुन्हा गावी आला, हॉल पुन्हा गजबजला. चर्चमधून विरोध पेटला. त्याच डिसेंबरात हॉल जाळला गेला. मग डी व्हॅलेराच्या, म्हणजे प्रजासत्ताकवाद्यांच्याच सरकारने, ग्रॅल्टनच्या अमेरिकन नागरिकत्वावर बोट ठेवून १९३३ मध्ये त्याला स्वतःच्याच मायदेशातून हद्दपार केलं. ना खटला, ना सुनावणी! पकडला जाईपर्यंत शेजाऱ्यांनी त्याला कित्येक महिने लपवून ठेवलं होतं. १९४५ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला. केन लोचचा 'जिमीज हॉल' (२०१४) हा चित्रपट त्याच्यावरच आहे, जरूर बघा.