पन्हळ बसवणारा पाहिजे!

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी रंगाचे डबे येतात. भिंती घासल्या जातात, आणि पावसाळ्यात छपराच्या कोपऱ्याखाली उमटलेला तो हिरवट-काळा ओघळ रंगाच्या दोन हातांखाली गडप होतो. गृहिणी समाधानाने मान हलवते, यजमान रंगाऱ्याचे पैसे चुकते करतात, आणि पुढच्या श्रावणात तोच ओघळ त्याच जागी, जरा अधिक रुंद होऊन, पुन्हा हजर होतो! वाचकहो, या ओघळाचे औषध रंगाऱ्याजवळ नसते. ते पन्हळ बसवणाऱ्याजवळ असते. आणि हा पन्हळ बसवणारा गाठावा कसा, हा शहरी संसारातला एक बिकट प्रश्न होऊन बसला आहे.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. पावसाळ्याआधी वैशाखात शाकारणीची माणसे येत. फुटकी कौले बदलत, रिपा ठोकत आणि जाता जाता पन्हळीत साठलेला वर्षाचा पालाही काढून टाकत. पत्र्याची पन्हळ सांध्यात गळत असेल, तर पेठेतला डबे करणारा कारागीर डाक लावून देई. कोकणात तर पोफळीचा सोट मधोमध चिरून, आतला गाभा काढून घरच्या घरी पन्हळ तयार होई. या साऱ्या माणसांचे पत्ते कोठे छापलेले नव्हते. ते घरातल्या आजीला पाठ असत.

आता आजीच्या जागी यादी आली आहे. या यादीचा जन्मही मोठा मौजेचा. १८७८ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरी दूरध्वनी असलेल्यांची पहिली यादी निघाली. यादी कसली, एक पुठ्ठाच तो! त्यावर जेमतेम पन्नास नावे होती, आणि क्रमांक एकही नव्हता; नाव सांगितले की केंद्रातला माणूस जोडून देई. पुढे आपल्याकडे जाडजूड डिरेक्टऱ्या आल्या, त्यांची धंदेवार पिवळी पाने आली, आणि आता ती सारी पाने खिशातल्या फोनमध्ये मावली आहेत. क्रमांकांना आज तोटा नाही. नावे मात्र नाहीशी झाली. जी दिसतात ती 'अमुक रूफिंग', 'तमुक फॅब्रिकेशन' अशी. माणसाचे नाव औषधालाही सापडत नाही.

बरे, यादी हाती असली तरी शोधायचे कोणत्या शब्दाखाली? मी मराठीचा मास्तर पडलो, म्हणून ही अडचण मला अधिक बोचते. 'पन्हळ' हा आपला जुना, घरंदाज शब्द. संस्कृतातल्या 'प्रणाल'शी त्याचे नाते. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर नेतो तोही प्रणालच. पण यादीला हा शब्द ठाऊक नसतो. इंग्रजी शब्द घालावा, तर मराठी मुलखात गटर म्हणजे गटार! खरे तर इंग्रजी 'गटर'चे मूळ लॅटिनमधल्या 'गुट्टा' या शब्दात आहे, आणि गुट्टा म्हणजे थेंब. इंग्रजीत तो शब्द छपरावर आणि रस्त्याकडेला दोन्हीकडे नांदतो. आपण त्यातला रस्त्याकडेचा अर्थ तेवढा घेतला. (शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. छपराचे पाणी जेथे ठिबकते त्या जागेवरून इंग्रजीत 'ईव्ह्जड्रॉपर' हा शब्द आला. तेथे उभे राहून घरातले बोलणे चोरून ऐकणारा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे वळचणीला उभा राहतो तो बिचारा आसऱ्यासाठी!)

माझ्या मावशीचे डोंबिवलीला जुने कौलारू बैठे घर आहे. छपरावर मंगलोरी कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून कोकणपट्टीत जागोजाग पसरली तीच ही कौले. मावशी एकटी राहते. दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात तिची जस्ती पत्र्याची पन्हळ एका बाजूने सुटून लोंबू लागली, तेव्हा यादीतले फोन करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या गृहस्थाने "कुठं तुंबलंय? गाडी पाठवतो," म्हणून विचारले. दुसऱ्याशी झाला तो संवाद असा:

"पन्हळ बसवून मिळेल का?"

"काय बसवून?"

"पन्हळ. छपराच्या कडेला पाणी धरायला लावतात ती."

"हां, गटर होय! मग असं मराठीत सांगा ना, साहेब."

त्यानंतर चमत्कार झाला. मी फोन केले दोन, आणि संध्याकाळपर्यंत मला आले सात! यादीवाल्यांनी माझा क्रमांक उदार हस्ते वाटला होता. सातही जणांनी घर न पाहता रनिंग फुटाचा दर सांगितला. नाडी न पाहता पुडी बांधणाऱ्या वैद्याकडे आपण जात नाही. मग हे तरी का चालवून घ्यावे? छपराच्या दोन उतारांचे पाणी कोणीकडे किती येते, खाली भिंत मातीची की विटांची, शेजाऱ्याची हद्द किती दूर, हे पाहिल्यावाचून सांगितलेला दर माझ्या मते निरर्थक असतो.

पाणी किती येते याचा हिशोब करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. मावशीचे छप्पर साधारण ७४ चौरस मीटरचे. शंभर मिलिमीटर पाऊस, म्हणजे मुंबईकडच्या पावसाळ्यातला एखादा जोराचा दिवस, तिच्या दारात सात हजार चारशे लिटर पाणी ओततो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा तिच्या छपरावर पडता, तर सुमारे सत्तर हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर सात! पन्हळ नसली की हे पाणी रोज एकाच रेषेत, भिंतीच्या पायथ्याशी पडते, माती उकरते, जोत्यात मुरते आणि भिंतीतून वर चढते. वळचणीचे पाणी आढ्याला जाते म्हणतात, ते असे.

अखेर एक जण आला. टोपीवाला मुकादम अंगणात उभा राहिला आणि बरोबरचा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा शिडीवरून वर गेला. रात्री पाऊस झालेला, कौलांवर शेवाळ, कमरेला दोर नाही. मावशी ओट्यावर आली.

"त्याला आधी खाली बोलवा."

"काकू, सवय आहे त्याला."

"चढायची असेल. पडायची कोणाला सवय नसते हो."

मुकादम हसला, मावशी हसली नाही. पोरगा खाली उतरला. तिने त्याला चहा दिला, नाव विचारले, गाव विचारले. नाक्यावरून त्या दिवसापुरता आणलेला तो मुलगा होता. कंपनीच्या झगझगीत पानावर मालकाचा फोटो होता, पाच चांदण्या होत्या. जो खरोखर छपरावर चढतो त्याचा मात्र त्या यादीत मागमूस नव्हता. त्या पावसाळ्यात पन्हळ लागली नाही. पागोळ्या दारात पडत राहिल्या, मावशीने त्यांच्या खाली जुन्या फरश्या टाकून माती तेवढी राखली.

त्यानंतर कार्तिकात काम झाले, आणि माझे तर म्हणणे असे की ते कार्तिकातच करावे. कौले वाळलेली असतात, कारागिराला सवड असते, आणि भिंतीवरचा ओघळ ताजा असल्याने पाणी नेमके कोठे चुकते ते बोट ठेवून दाखवता येते. म्हणून आधी ओघळ दाखवावा, मग रंग लावावा. या खेपेचा माणसू यादीतूनच मिळाला होता, पण मावशीने फोनवर पहिला प्रश्न दराचा विचारला नाही. "वर कोण चढणार, आणि परांची बांधणार का?" असे तिने विचारले. चौघांनी फोन ठेवला. पाचवा म्हणाला, "मीच चढतो, आजी. घर बघून सांगतो."

तो आला, आणि आधी दोरी व पाणसळ काढली. दहा फुटांना पाव इंच उतार, दोन-अडीच फुटांवर एक ब्रॅकेट, आणि पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्यापेक्षा किंचित खाली, म्हणजे मुसळधार पावसात पन्हळ भरून वाहिली तरी पाणी अंगणात पडेल, भिंतीवर येणार नाही. जस्ती पत्रा की पीव्हीसी, या प्रश्नावर त्याने उगाच एकाची भलामण केली नाही. पत्रा सांध्यात, पाला ओला राहतो तेथे गंजतो. पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने वाढते, म्हणून सांध्यात जागा सोडावी लागते आणि काही वर्षांनी ते ठिसूळ होते. मावशीने पीव्हीसी घेतले. काम संपल्यावर तिने त्याला शिडीवरून दोन बादल्या पाणी एका टोकाला ओतायला लावले आणि स्वतः दुसऱ्या टोकाच्या नळाखाली पिंप घेऊन उभी राहिली. पाणी मध्ये कोठे थबकले नाही.

तरी शेवटचा हप्ता तिने हातचा राखला. "पहिला वळीव पडला की ये," म्हणाली. वैशाखात वळीव झाला. तिसऱ्या दिवशी तो पैसे न्यायला आला, भिंतीवरून हात फिरवून कोरडी असल्याचे पाहिले, आणि मावशीने त्याचे नाव व क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. तेव्हापासून तिच्या आळीतल्या सहा घरांनी तो तिच्याकडून उतरवून घेतला आहे.